तांब्याचं अस्तर असलेल्या जुन्या सिगार-पेटीला दर हिवाळ्यात पाणी सुटतं, त्यावर उपाय

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की माझ्याकडे हा प्रश्न येऊ लागतो. कधी साकोलीकडून, कधी पवनीकडून, एकदा तर थेट आर्वीहून आला. सांगणारे वेगळे, पण गोष्ट एकच. आजोबांच्या वेळची सिगार ठेवायची पेटी आहे, आतून तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा मारलेला आहे. सकाळी झाकण उघडलं की आतल्या बाजूने थेंब टपकतात. सिगार दाबल्या तर ओल्या कापडासारख्या लागतात, टोकाला पांढरी बुरशी धरलेली असते. सिगार वाळू नयेत म्हणून आत ओला स्पंज असतो, घाबरून त्यातलं पाणी कमी केलं की पंधरा दिवसांत त्याच सिगार वाळून कुरकुरायला लागतात. पुन्हा पाणी घातलं की पुन्हा थेंब.

हे चक्र मी स्वतः सलग तीन हिवाळे पाहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी २२ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. सिगार ओढत नाही. पण आमच्या वाड्यात अशी एक पेटी आहे आणि ती सांभाळायचं काम लग्नानंतर काही वर्षांनी माझ्याकडे आलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ८४ वर्षांचे. रविवारी जेवण झालं की ते सपरीत बसून एक त्रिचनापल्ली चिरूट, म्हणजे तमिळनाडूतल्या त्रिचीची सिगार, ओढतात. धाकटे दीर परदेशातून आले की चार-पाच चांगल्या सिगार आणतात, त्याही त्याच पेटीत जातात. पेटी मामाजींच्या वडिलांची. जंगल खात्यातला एक इंग्रज साहेब विलायतेला परत जाताना सामान विकत होता, त्यातून त्यांनी ती घेतली. १९५१ साली मालगुजारी (आमच्याकडची जमीनदारी) गेली, गावचा तलाव सरकारजमा झाला, वाड्याचा अर्धा भाग पुढे पडला. पेटी राहिली. बाहेरून महोगनी, आतून तांब्याचा पत्रा, त्यावर कल्हई, आणि झाकणात स्पंज ठेवायची जाळीची डबी. आतली जागा साधारण १० लिटरची.

आमच्या गावात बिडी सगळ्यांना कळते, सिगार कोणालाच कळत नाही, हीही एक अडचण आहे. शेजारच्या काकू आयुष्यभर बिड्या वळत आल्या. तेंदूपत्त्याची बिडी वळून झाली की ती शेकून कोरडी करावी लागते, नाहीतर ती पेट धरत नाही. मी पेटीचं रडगाणं सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "वाळली तर बरंच झालं ना जी! वल्ली काहून ठेवता?" सिगारचं उलटं आहे. चांगल्या सिगारची पानं अखंड असतात, वरचं पान तर कांद्याच्या सालीएवढं पातळ. ते वाळलं की तडकतं, आणि पानातली तेलं उडाली की परत येत नाहीत. तिला हवेत ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. ७५ च्या वर बराच काळ राहिली की बुरशी, ५५ च्या खाली बराच काळ राहिली की तडा.

माझे चुकलेले उपाय

पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, पाणी जास्त झालं. झाकणातला स्पंज काढून टाकला. थेंब आठवडाभरात थांबले, पण महिन्याच्या आत चिरूट वाळले. दुसऱ्या हिवाळ्यात स्पंज अर्धाच भिजवला आणि रोज सकाळी पेटी १० मिनिटं उघडी ठेवायला लागले, "हवा लागू दे" म्हणून. यानं तर आणखी वाईट झालं. पहाटेच्या गार हवेनं पत्रा आणखी थंड व्हायचा आणि झाकण लावल्यावर तासाभरात पुन्हा ओल दिसायची. तिसऱ्या वर्षी सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. एकीकडे स्पंज पाणी सोडतो आहे, दुसरीकडे जेल ते पितं आहे, आणि दोघांच्या मधे चिरूट. एकाच पेटीत काही चिरूट मऊ आणि काही कडक, असं मी त्याच वर्षी पाहिलं.

या तिन्ही उपायांत मी पेटीतला ओलावाच मोजत होते. दुखणं तापमानात होतं. ज्यांची पेटी धातूच्या अस्तराची आहे त्यांनी हे वाक्य आधी मनात पक्कं करावं, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

साधं उदाहरण घ्या. फ्रिजमधल्या गार पाण्यानं तांब्याचा गडवा भरून ठेवला की बाहेरून घाम फुटतो. गडवा गळत नसतो, हवेतलं पाणी त्याच्या थंड अंगावर बसतं. पेटीत हेच आतल्या बाजूने होतं. आमच्या गावचे सुतार पेटी पाहून लगेच म्हणाले होते, "बाई, तांब्याले घाम सुटते." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. वर्गात दरवर्षी दवबिंदू, म्हणजे हवेतलं पाणी ज्या तापमानाला सुटायला लागतं ते तापमान, शिकवणारी मी, घरातल्या पेटीशी तो जोडायला मला तीन वर्षं लागली.

शेवटी शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन तापमापक आणले. एकाचा फुगा झाकणाच्या पत्र्याला चिकटवला, दुसरा चिरुटांच्या मधोमध ठेवला. जानेवारीतली पहाट, साडेपाच वाजता. चिरुटांच्या मधे २१ अंश, पत्रा १४ अंश. मधल्या हवेत आर्द्रता ६८ टक्के. आता हिशेब करा: २१ अंशांवरची ६८ टक्के आर्द्रतेची हवा १५ अंशांपर्यंत गार झाली की तिच्यातलं पाणी सुटायला लागतं. पत्रा त्याच्याही एक अंश खाली होता. थेंब येणारच.

मग एवढं पाणी आलं कुठून? हा प्रश्न सगळे विचारतात, कारण पेटीच्या हवेत एवढं पाणी मावतच नाही. ते खरं आहे. १० लिटर हवेत २८ अंशांवर ७० टक्के आर्द्रता असली तरी पाणी भरतं एका ग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याएवढं, म्हणजे चार थेंब. पण १२ ग्रॅमच्या एका सिगारमध्ये साधारण दीड ग्रॅम पाणी असतं. २५ सिगार म्हणजे ३५ ते ४० ग्रॅम. रात्री पत्रा आधी गार होतो आणि सिगार मागाहून. कोमट सिगारमधून निघालेली वाफ थंड पत्र्यावर जाऊन बसते, हवा रिकामी झाली की सिगार आणखी पाणी सोडते. रात्रभर हे चालू राहतं. सकाळी झाकणाला लटकलेलं पाणी बहुतेक तुमच्याच सिगारचं असतं. मधल्या सिगार त्यामुळे वाळतात, आणि कडेच्या, ज्यांच्यावर थेंब पडतात, त्या कुजतात. मऊ आणि कडक सिगार एकत्र का सापडतात, याचं उत्तर मला इथे मिळालं.

लाकडी अस्तराच्या पेटीत हे का होत नाही? लाकूड गार व्हायला वेळ घेतं, आणि थोडं पाणी स्वतः पिऊन नंतर परत देतं. पत्रा ना पीत, ना देत.

आता हवामानाकडे बघा. नागपूरला जानेवारीत दिवसा २८-२९ आणि रात्री १२-१३ अंश, म्हणजे फरक १६ अंशांचा. ऑगस्टमध्ये दिवसा ३०-३१, रात्री २४, फरक सहा-सात अंशांचा. लोक पावसाळ्याला घाबरतात, पण आमच्या पेटीला पावसाळा सगळ्यांत कमी त्रास देतो. बाहेर ८५ टक्के आर्द्रता असली तरी पेटी दिवस-रात्र जवळपास एकाच तापमानाला असते आणि लाकूड फुगून झाकण घट्ट बसतं. पावसाळ्यात एवढंच पाळावं: उगाच उघडू नये, आणि उघडलीच तर काम झाल्याबरोबर लावावी.

आधी खात्री करा

आर्द्रतामापक खोटं बोलत असेल तर पुढचं सगळं वाया. आमच्या झाकणात बसवलेला जुना पितळी काटा खऱ्या आर्द्रतेपेक्षा ११ टक्के कमी दाखवत होता, आणि मी त्याच्या भरवशावर पाणी घालत होते. साधा डिजिटल मापक घ्या आणि तोही तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका, पाणी तरंगता कामा नये. ते झाकण आणि मापक एका हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवून २४ तास हात लावू नका. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मापक ७१ दाखवत असेल तर तो ४ कमी दाखवतो, तेवढे प्रत्येक वेळी मिळवा. हा प्रयोग तांब्याच्या पेटीत मात्र कधीही करू नका. मीठ कडेनं सरकत वर चढतं, आणि तांब्याला किंवा जस्ताला मीठ लागलं की हिरवी-पांढरी जंग धरायला वेळ लागत नाही.

मग आठवडाभर दोन वेळा नोंद करा, पहाटे आणि दुपारी ३ वाजता. पत्र्याचं तापमान आणि मधलं तापमान यांत ४-५ अंशांहून जास्त फरक पडत असेल तर तुमचं दुखणं आमच्यासारखंच आहे. थेंब कुठे दिसतात तेही लिहा. आमच्याकडे झाकणाला आणि मागच्या बाजूला दिसायचे. झाकण वर कवेलूच्या छपराकडे उघडं, आणि मागची बाजू बाहेरच्या एकविटी भिंतीला टेकलेली. घरातल्या सगळ्यांत थंड दोन गोष्टींना पेटीनं पाठ आणि डोकं लावलेलं होतं.

फरक कमी आणि तरीही ओल असेल, तर पाणी पत्र्यामागे शिरलेलं असू शकतं. त्याबद्दल खाली लिहिते.

मग काय केलं

सगळ्यांत मोठा फरक एक पैसाही न लागता पडला. पेटी बाहेरच्या खोलीतून माजघरात नेली. आमच्या माजघराच्या भिंती मातीच्या, दीड हात जाड, चारही बाजूंनी खोल्या, वर लाकडी माळा. जानेवारीत तिथला दिवस-रात्रीचा फरक तीन-चार अंशांच्या वर जात नाही. पेटी भिंतीपासून चार बोटं दूर, लाकडी पाटावर ठेवली. पहिल्याच आठवड्यात झाकणावरचे थेंब गेले, मागच्या बाजूला फक्त धुकट ओल उरली. ज्यांचं घर स्लॅबचं किंवा टिनाचं आहे त्यांना माजघर मिळणार नाही. त्यांनी घरातली अशी खोली शोधावी जिची एकही भिंत बाहेर नाही, आणि पेटी जमिनीजवळ ठेवावी. कपाटावर कधीच नको.

दुसरा उपाय कापसाचा. वाड्यात एक सागवानी पेटारा रिकामा पडला होता. त्याच्या तळाशी आणि चारही बाजूंना पिंजलेला कापूस मांजरपाटाच्या खोळीत भरून चार बोटं जाडीचा थर दिला, मधे सिगार-पेटी बसवली, वर कापसाचीच गादी. विदर्भात याहून स्वस्त आणि चांगलं उष्णतारोधक मिळणार नाही. कापूस कोरडा पाहिजे आणि सरकी पूर्ण काढलेली पाहिजे, कारण सरकीच्या तेलाचा वास सिगार धरते. पेटाऱ्यात ठेवल्यापासून पत्रा आणि मधली हवा यांतला फरक एका अंशाच्या आत आला. मामाजींना पेटी डोळ्यांसमोर हवी होती, बाहेरच्या टेबलावर, जिथे ती त्यांच्या वडिलांच्या वेळी असायची. त्यांना आकडे लिहिलेली वही दाखवली. त्यांनी दोन पानं उलटून पाहिली आणि म्हणाले, "ठेव सूनबाई माजघरात. रविवारी मी तिकडे येईन."

तिसरं काम लाकडाचं, आणि यात बहुतेक लोक फसतात. सिगारसाठी जे लाकूड वापरतात त्याला इंग्रजीत स्पॅनिश सीडर म्हणतात. सीडर म्हणजे देवदार असं शब्दकोशात पाहून आमच्याकडे एकानं देवदाराच्या फळ्या लावल्या. देवदाराला राळ असते, उन्हाळ्यात ती पाझरून सिगारला चिकटली, आणि त्या वासानं सगळा माल गेला. स्पॅनिश सीडर हा मुळात देवदाराच्या घराण्यातलाच नाही, तो आपल्या कडुनिंबाच्या आणि महोगनीच्या कुळातला. त्याच कुळातलं आपल्याकडचं जवळचं लाकूड म्हणजे तून. हलकं, तांबूस, मंद गोड वासाचं, राळ नसलेलं. पूर्वी आपल्या देशात सिगारचे खोकेही तूनचे करत. सागवान आमच्या चंद्रपूर-आलापल्लीकडचं कितीही नावाजलेलं असलं तरी आत नको. त्याच्या तेलाचा उग्र वास सिगारच्या वासावर बसतो. तून मिळालं नाही तर नागपूरसारख्या शहरातल्या सिगार विकणाऱ्या दुकानात रिकामे खोके मागून बघा. त्यांतल्या पातळ पट्ट्या बहुतेक स्पॅनिश सीडरच्याच असतात.

सुतारांकडून तूनच्या पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या रंधा मारून घेतल्या. पॉलिश नाही, तेल नाही, फेव्हिकॉल नाही. तळाला, चारही बाजूंना आणि झाकणाच्या आत बसतील अशा कापल्या, नुसत्या एकमेकींच्या आधारानं उभ्या केल्या. पत्रा आणि लाकूड यांच्यामधे कागदाच्या दोन-तीन घड्यांएवढी फट ठेवली, म्हणजे ओल आलीच तर तिथे अडकून न राहता सुकेल. झाकणाची पट्टी सगळ्यांत महत्त्वाची. आधी तीच करा, बाकीच्या नंतर केल्या तरी चालेल. पत्र्याला खिळा मारायचा नाही. एक खिळा म्हणजे पाण्याला मागे जायला एक वाट. नवीन कोरडं लाकूड सुरुवातीला सिगारचंच पाणी पिऊन घेतं, म्हणून सिगार न ठेवता पट्ट्या आणि ओलाव्याची पुडी एवढंच आत ठेवून दोन आठवडे पेटी बंद ठेवावी. मापक ६५ च्या आसपास स्थिर झाला की मग सिगार.

चौथं, स्पंज बंद केला. ओला स्पंज नुसता पाणी सोडत राहतो, कुठे थांबायचं हे त्याला कळत नाही. ओल्या खापराचा तुकडा, बटाट्याची फोड, सफरचंदाची फोड यांचंही तेच, शिवाय फोडीवर बुरशी सिगारच्या आधी धरते. आता दुहेरी काम करणाऱ्या पुड्या मिळतात, बोवेडासारख्या. आर्द्रता कमी झाली तर पाणी देतात, वाढली तर परत घेतात. ६० ग्रॅमची एक पुडी २५ सिगारना पुरते. पुडीवर आकडा असतो: ६२, ६५, ६९, ७२. लाकडी पेटीवाले ६९ किंवा ७२ घेतात कारण लाकूड काही पाणी पितं. धातूच्या पेटीत ६५ घ्यावा, आणि हिवाळ्यात ६२. कारण पुन्हा तोच हिशेब: २१ अंशांच्या हवेत ६२ टक्के आर्द्रता असेल तर पाणी सुटायला साडेतेरा अंश लागतात. त्या पहाटे आमचा पत्रा १४ वर होता. तेवढ्या सहा टक्क्यांनी थेंब टळला असता. पुडी कडक खडखडीत झाली की बदलायची. ती पत्र्याला टेकवून ठेवू नका, तूनच्या पट्टीवर ठेवा.

स्पंजच वापरायचा हट्ट असेल तर पाणी ऊर्ध्वपातित हवं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर पांढरा थर बसतो, तो स्पंजातही बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालतं. बाटली नीट वाचून घ्या, बॅटरीचं ॲसिड त्याच दुकानात, तशाच बाटलीत असतं.

पत्रा कोणता आहे ते ओळखा

तांबं असेल तर कोपऱ्यात किंवा खरवडलेल्या जागी लालसर दिसतं. त्यावर कल्हई शाबूत असेल तर काहीच करू नका. कल्हई उडाली असेल तर ताक पितळ्यात कळकतं तसा वास सिगार धरते. राखेनं किंवा भांडी घासायच्या पावडरीनं घासू नये, उरलेलं कथीलही निघून जातं. हिरवा डाग लिंबाच्या रसाच्या बोळ्यानं पुसा, मीठ न लावता, मग साध्या पाण्याच्या बोळ्यानं तीन-चारदा पुसून पूर्ण वाळवा. कल्हई करून घ्यायची इच्छा सगळ्यांना होते. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे पत्रा तेवढा तापवावा लागतो, आणि त्याच्यामागे शंभर वर्षांचं लाकूड आहे. अस्तर सुटं निघत असेल तरच कल्हईवाल्याकडे द्या, त्याला शुद्ध कथील वापरायला सांगा, शिसं मिसळलेलं नको, आणि नंतर नवसागर पूर्ण धुऊन काढा. नवसागर राहिला तर तो स्वतः ओल धरतो. आमचं अस्तर निघत नव्हतं, म्हणून मी हात लावला नाही. लाकडाच्या पट्ट्यांमुळे सिगार आता तांब्याला शिवतच नाही.

जस्त करडं असतं आणि ओल लागली की पांढरी भुकटी धरतं. भुकटी ओल्या कापडानं पुसा, पट्ट्या लावा. चुंबक चिकटलं तर तो कल्हईचा लोखंडी पत्रा आहे. त्यात तांबूस जंगीचे ठिपके शोधा, आधी सांध्यांवर.

शिशाचं मात्र गांभीर्यानं घ्या. नखानं ओरखडा पडतो, आणि पांढरा कागद घासला तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. लाकडातून निघणारी आम्लाची वाफ बंद पेटीत शिशावर बसून पांढरी भुकटी तयार करते, ती विषारी असते. ती खरवडू नका, फुंकर मारू नका, सँडपेपर तर नकोच. मुलांच्या हाती पेटी देऊ नका. तोंडात धरायची वस्तू अशा पेटीत ठेवू नये हे माझं स्पष्ट मत आहे, मग पेटी कितीही सुंदर असो. ती दिवाणखान्यात राहू द्या आणि सिगार दुसऱ्या डब्यात ठेवा. जुन्या सांध्यांना दिलेल्या डाखातही शिसं असतं, म्हणून तांब्याच्या पेटीतही पट्ट्या सांध्यांवरून जातील अशा लावा.

पत्र्यामागे पाणी शिरलं असेल तर त्याची खूण अशी: पेटी रिकामी करून आठवडाभर उघडी ठेवली, पत्रा हाताला कोरडा लागतो, तरीही कुबट वास येतो. सांध्याच्या डाखाला कुठेतरी केसाएवढी भेग असते. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा प्रकाश तिरपा पाडून भेग शोधा. अशी पेटी एप्रिलच्या कोरड्या हवेत सावलीत महिनाभर उघडी ठेवून आतपर्यंत सुकवावी लागते, उन्हात नको, महोगनी वाकते. मग भेगेत मधमाशीचं मेण कोमट करून बोटानं दाबायचं. मेण ६० अंशांच्या वर वितळतं, आपल्या उन्हाळ्यातही घरात टिकतं.

उन्हाळा

इथे माझ्याकडे पूर्ण उपाय नाही, आणि मी तसं भासवणार नाही. मे महिन्यात माजघरातही पारा ३५ च्या वर जातो. कूलरच्या खोलीत हवा ओली आणि गार असते, पण वीज गेली की तासाभरात खोली तापते, आणि वीज आमच्याकडे दुपारीच जाते. त्यातून तंबाखूचा भुंगा. हा तोच बारीक तपकिरी किडा जो हळदीत आणि मिरचीत पडतो. साधारण ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता ही त्याच्या आवडीची हवा, म्हणजे आपली पेटी. महिन्याभरात अंड्याचा भुंगा होतो आणि सिगारला सुईएवढी भोकं दिसतात. म्हणून पेटीच्या खोलीत हळदीची, मिरचीची पोती नसावीत. आमच्याकडे भिवापुरी मिरचीचं पोतं माजघरातच असायचं, ते मी आधी हलवलं. वासासाठीही ते बरंच झालं.

एप्रिलच्या सुरुवातीला मी सगळे चिरूट दोन-दोन झिपच्या पिशव्यांत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, मग सात दिवस उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, आणि मग बाहेर, असं करते. टप्पे गाळू नका, एकदम गोठवलं तर वरचं पान फाटतं. पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर गडव्यासारखा घाम चिरुटांना फुटतो. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा वीज जाणाऱ्या गावात एवढा थंड राहत नाही. मी तालुक्याच्या ठिकाणी नातलगांच्या दुकानातल्या डीप फ्रीझरमध्ये ठेवते.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधी, २० मेच्या सुमारास, तांब्याची पेटी रिकामी करते. चिरूट हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, त्यात तूनच्या दोन पट्ट्या आणि ६५ ची पुडी. तो डबा थर्मोकोलच्या खोक्यात, शेजारी पाण्याच्या दोन बाटल्या. बाटल्या माठातल्या पाण्यानं भरते आणि रोज संध्याकाळी पाणी बदलते. फ्रिजमधल्या किंवा बर्फाच्या बाटल्या नकोत, डब्याची एक बाजू फार गार झाली की जानेवारीचीच गोष्ट पुन्हा सुरू होते. असं ठेवून डब्यातलं तापमान खोलीपेक्षा चार-पाच अंश कमी राहतं. रिकामी पेटी कापसातच राहू देते, म्हणजे उन्हाच्या झळांनी महोगनीला चीर जात नाही.

मृग लागून चार-पाच दिवस सलग पाऊस झाला, रात्रीचा पारा २५-२६ वर आला की चिरूट परत पेटीत. त्याआधी तूनच्या पट्ट्या पुडीसह पेटीत घालून पुन्हा आठवडाभर बंद ठेवते, कारण उन्हाळ्यात त्या खडखडीत वाळलेल्या असतात. नवीन पुडीवर पेन्सिलनं तारीख घालते, आणि वहीत पहाटेचा आणि दुपारचा आकडा लिहायला पुन्हा सुरुवात करते.